बिगुलाची बोली

“हा बिगूल!” सलूनवाला खुर्चीवर चढला आणि त्यानं तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. “अस्सल पितळ. इतकी वर्षं गाळात राहून कुठं भोक नाही. शंभरापासून सुरू. बोला!”

एकही बोली आली नाही.

इतका वेळ नुसती धमाल चालली होती. बांधाला भगदाड पडून वस्तीचं तळं रिकामं झालं, तेव्हा सगळ्यांनी कपडे खोचून गाळ उपसला होता. गाळातून जे जे निघालं ते धुऊन पुसून बांधाच्या दुरुस्तीसाठी आज लिलावात मांडलं होतं. बेकरीवाल्यानं स्वतःचीच सायकल आठशेला सोडवून घेतली आणि वर सगळ्यांचे आभार मानले. वकीलसाहेबांनी टेबलावरची कवळी ओळखली, तोंडावर हात ठेवला आणि सुनेकरवी बोली लावली. पण बिगूल वर आला आणि जो तो आपल्या चपलांकडे बघू लागला. तो कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो कसा वाजायचा हेही.

तो मीटरकाकांचा होता. काकांची नोकरी घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेली, म्हणून ते मीटरकाका. बिगुलातून जेमतेम पाच सूर निघतात. काकांना त्यातले तीन सापडले होते आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं रोज पहाटे सगळ्या गल्लीला वाटले होते. मग एक दिवस बिगूल चोरीला गेला. गल्लीनं हळहळ व्यक्त केली आणि गाढ झोपली. काका मात्र त्या चोरीवर आजवर खूश होते.

“घरात घड्याळ होतं, रेडिओ होता, कशाला हात लावला नाही,” ते येईल त्याला सांगत. “नेला तो बिगूल. रसिक माणूस!”

त्या रसिक माणसानं बिगूल तळ्यात फेकून दिला होता, हे आज चारचौघांत उघड झालं. पहिल्या रांगेत बसलेल्या काकांचा चेहरा पार उतरला.

“शंभर,” शेवटी ते स्वतःच म्हणाले, अगदी हळू.

“शंभर, एक वार. शंभर, दोन वार...” सलूनवाल्याला एकदाचं उरकायचं होतं.

“दोनशे!”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. चहाच्या टेबलापाशी हातात किटली घेऊन मीटरकाकू उभ्या होत्या.

“अगं, हे काय? एकाच घरातले पैसे ना?”

“तुमचे पेन्शनीचे. माझे शिवणाचे.”

ही बया बिगूल घरात येऊ देणार नाही, असं काकांनी धरलं आणि ते इरेला पेटले. “पाचशे!”

“सातशे!”

कोणीही जिंको, पैसा तळ्यालाच जाणार, हे लोकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. मग काय विचारता! “काका, माघार नाही!” “काकू, आम्ही तुमच्या बाजूनं!” दर आकड्याला टाळ्या पडू लागल्या. बेकरीवाला तर कोणत्या बाजूचा होता हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सलूनवाल्याला इतका चेव आला की तो दोनदा खुर्चीवरून पडता पडता वाचला.

“चार हजार!” काका उभे राहिले. “आता बोल!”

काकूंनी किटली खाली ठेवली. “पाच.”

काका बसले. पेन्शनीत एवढंच होतं.

“घे बाई,” ते म्हणाले. “इतका नकोसा झालाय तर घे आणि टाक परत. चोरालासुद्धा नको झाला, तू तर घरची.”

हसणं एकदम थांबलं. काकूंना तो चेहरा बघवेना.

“चोर कुठला आलाय?” त्या म्हणाल्या. “मीच टाकला होता तळ्यात.”

सलूनवाला गुपचूप खुर्चीवरून उतरला.

“दोन खोल्यांचं घर, मांडीवर तान्हं मूल आणि पहाटे कानाशी तुमचा हा बिगूल. मी तरी काय करणार होते?” काकू दोन पावलं पुढे आल्या. “पण लग्नाआधी तुम्ही त्या पलीकडच्या काठावरून हाच वाजवायचात ना, तेव्हा मी हातातलं काम टाकून खिडकीत यायचे. आईची बोलणी खायचे. पाण्यावरून येताना इतका गोड यायचा की तेवढ्यावर मी हो म्हटलं. म्हणून घेतला आज. तळं भरू दे, मग तिकडे जाऊन हवा तेवढा वाजवा.”

काकांनी मान वर केली.

“म्हणजे चोर नव्हताच?”

“नव्हता.”

“आणि तू खिडकीत यायचीस?”

“रोज.”

काकांना इतका आनंद झाला की रागवायचं राहूनच गेलं. तळं भरायला आणखी वर्ष लागलं असतं, आणि तेवढा धीर त्यांच्याकडे कुठला? त्यांनी सलूनवाल्याकडून बिगूल घेतला, बगलेत मारला आणि कोरड्या तळ्यात उतरून ते थेट पलीकडे चालू लागले. सगळी गल्ली काठावर येऊन बघत राहिली. काका लहान लहान होत गेले, पलीकडचा काठ चढले आणि त्यांनी बिगूल ओठांना लावला. आधी नुसती हवा आली. मग एक फाटका सूर आला. मग ते जुने तीनही आले, एकामागोमाग एक.

बेकरीवाल्यानं हळूच कानांवर हात ठेवले.

“काकू,” सलूनवाल्यानं विचारलं, “कसा वाटतोय?”

काकू पदराला हात पुसत काठाच्या अगदी टोकाशी जाऊन उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“बांध लवकर बांधा,” त्या म्हणाल्या.