तेलाचा एक थेंब

वस्तूच्या आत काय आहे हे पाहण्याच्या ओढीतूनच माणसाची सगळी प्रगती झाली, असं सासऱ्यांचं ठाम मत होतं. या प्रगतीत घरातला मिक्सर, दोन इस्त्र्या आणि दारावरची बेल कामी आली होती.

सून संध्याकाळी घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरलेला होता. त्यावर तिची हार्ड डिस्क होती. म्हणजे प्लॅस्टिकचं कवच एकीकडे, धातूचं झाकण दुसरीकडे, बशीत तिळाएवढे स्क्रू आणि मधोमध आरशासारखी चकचकीत तबकडी. सासरे कपाळाला दिवा बांधून तिच्यावर वाकले होते.

"ये, ये. लॅपटॉपवर दिसत नाही म्हणालीस ना सकाळी? म्हटलं बघू या."

"बाबा, ही उघडायची नसते."

"झाकणावरही तेच लिहिलंय. पंपांवरही लिहिलेलं असायचं. पस्तीस वर्षं तेच उघडले मी."

ती जवळ गेली. तबकडीवर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाशेजारी काहीतरी ओलसर चमकत होतं.

"हे काय आहे?"

"शिवणयंत्राचं तेल. एकच थेंब हं. फिरणारी वस्तू कोरडी ठेवू नये."

खांद्यावरची बॅग तशीच ठेवून ती खुर्चीत बसली. बंद पडलेल्या गिरणीतल्या बायकांच्या मुलाखती होत्या त्या डिस्कवर. तिचा अख्खा प्रबंध त्यांच्यावर उभा होता. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून कालच सगळ्या फायली डिस्कवर टाकून तिनं मूळ पुसल्या होत्या. मुलाखत दिलेल्यांपैकी दोघी तर आता या जगात नव्हत्या.

"हात तरी धुतले होते का तुम्ही?"

"म्हणजे काय! साबणानं धुतले." सासरे दुखावले.

तेव्हा मात्र तिचा तोल गेला.

"मला एका शब्दानं विचारलंत? वस्तू माझी, काम माझं. मी तुमचं ब्लडप्रेशरचं मशीन उघडून त्यात तेल ओतते का, बाबा?"

"त्यात तेल घालायचं नसतं गं."

तिनं टेबलावर मूठ आपटली. बशी उडाली आणि स्क्रू फरशीभर पसरले. सासऱ्यांनी ते कुठे कुठे गेले हे दिव्याच्या उजेडात नीट पाहून ठेवलं. आवाज ऐकून नवरा आतून टॉवेलनं तोंड पुसत आला.

"काय झालं?"

"तुझ्या वडिलांनी दोन मेलेल्या बायकांना परत मारलं."

"अरे, मी फक्त बिघाड शोधत होतो," सासरे म्हणाले.

"सापडला?" तिनं विचारलं. आवाज इतका खाली आला होता की नवरा एक पाऊल मागे सरला.

सासऱ्यांनी दिवा बंद केला. "नाही. खरं सांगायचं तर आतून एकदम उत्तम स्थितीत होती."

नवऱ्याला बायकोकडे पाहवेना आणि वडिलांकडे पाहायची सोय नव्हती, म्हणून तो टेबलाकडे पाहत राहिला. मग टॉवेलच्या कडेला पडलेली काळी केबल त्यानं उचलली.

"सकाळी हीच लावली होतीस?"

"हीच. काल तर चालत होती."

"ही कधी चालते, कधी चालत नाही. महिना झाला." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. "म्हणून तर मी नवी आणली ना."

"कुठाय?"

नवी केबल त्याच्या ऑफिसच्या बॅगेत होती. तिचं पाकीट अजून कुणी उघडलेलं नव्हतं.