फोनमधून ओढून काढलेला माणूस

"कोणाचा विश्वास बसणार नाही, पण आज मी एका माणसाचा मुडदा पाडला," आजोबा म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.

सुनेच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. मुलाचा घास तोंडाशीच थांबला. नात मात्र खाली मान घालून बसली होती. तिचा फोन ताटाशेजारी पालथा पडला होता.

आजोबांचा धंदा भंगाराचा. जुन्या गाड्या तोडायच्या, चेपायच्या, त्यांचे ठोकळे करून भट्टीला पाठवायचे. उजव्या हाताची दोन बोटं त्याच धंद्यात गेलेली. जेवताना ते दिवसभराची हकीगत सांगत आणि तीत पावशेर खरं निघालं तरी नशीब. म्हणून घरात एक नियम होता. ज्याने थाप पकडली त्याने मोठ्याने 'खोटं' म्हणायचं. गोष्ट तिथेच बंद. मग खरं काय ते पकडणाऱ्याने सांगायचं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत बाकीच्यांनी ओठ शिवून बसायचं. मध्ये बोलायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. नातीने लहानपणापासून इतक्या थापा पकडल्या होत्या की आजोबा तिला वकीलबाईच म्हणत.

हल्ली वकीलबाईंनी वकिली सोडली होती. परवा तर आजोबांच्या आवारात ट्रकने अंडं घातलं, तरी ती गप्प. फोन थरथरला की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. आईने जवळ घेऊन विचारलं, तर "काही नाही." बापाने दम दिला, "बोल, नाहीतर फोडून टाकीन तो फोन!" तेव्हाही, "काही नाही."

"मुडदा कोणाचा?" मुलाने विचारलं.

"नाव नाही विचारलं. विचारलं असतं तरी बनावटच सांगितलं असतं त्याने. त्याचं काय झालं, भंगारात एक फोन पडला होता, घुं घुं करत. उचलला तर काचेवर अक्षरं. 'घरी सांगितलंस तर याद राख.' म्हटलं, अरे वा, पोरांना धमक्या देतोस? बाहेर ये. येईना. मग बाही सारली आणि काचेतून आत हात घातला. पार कोपरापर्यंत."

"बाबा, निदान जेवताना तरी..." सून म्हणाली.

"गारेगार होतं आत. चाचपत गेलो तर गळा लागला हाताला. आवळला आणि खेचला. आधी डोकं आलं. खांदे अडकले. फोनवर पाय रोवून ओढला, तेव्हा फटकन बाहेर पडला. केवढा बाप्या! फोनमध्ये सांगतो, मी तुझ्याच वयाचा, आणि मेल्याच्या छातीवरचे केससुद्धा पिकलेले."

नातीने हातातला घास ताटात ठेवला.

"पडल्या पडल्या चावला मला. ही दोन बोटं आज सकाळी त्यानेच तोडली." आजोबांनी पंजा नाचवला.

सुनेने तोंड उघडलं. ती बोटं तिच्या लग्नाआधीच गेली होती. पण सासऱ्यांनी असे डोळे वटारले की तिने तोंड मिटलं.

"मग माझं डोकं फिरलं. जॅकची दांडी घेतली. पहिला तडाखा गुडघ्यावर. काडकन! दुसरा थोबाडावर. दात असे उधळले, जसे डब्यातले खिळे सांडावेत. तरी उठतो! रक्ताने माखलाय, जबडा लोंबतोय, आणि तोंड चालूच, 'फोटो सगळ्यांना दाखवीन, सगळ्यांना दाखवीन.' म्हटलं, दाखव. पोरीची माणसं आधी पोरीला जवळ घेतील आणि मग तुझ्याकडे येतील. आणि हाणला तिसरा."

मुलाच्या मुठी वळल्या होत्या. पालथा फोन एकदा थरथरला. नातीचे ओठ पांढरे पडले. आजोबांनी फोनकडे बघितलंही नाही.

"आता त्याच्या तोंडात एकच दात उरला होता, लोखंडी. क्रेनचं चुंबक खाली सोडलं. दाताला धरून तो वर! लोंबतोय, किंचाळतोय, पाय झाडतोय. नेऊन टाकला दाबयंत्रात आणि बटण दाबलं. बरगड्या मोडतात ना, तेव्हा वाळक्या काटक्यांसारख्या वाजतात. उशीएवढा ठोकळा झाला त्याचा. कडेने रक्त गळत होतं. तो भट्टीत टाकला. वितळला, वाफ झाली, संपला." आजोबा शांतपणे पाणी प्यायले. "आता तो कोणाच्या केसालाही धक्का लावू शकत नाही."

"खरंच मेला?" नातीने विचारलं. आवाज इतका बारीक की आईला आधी वाटलं, भास झाला.

"या हातांनी मारला."

"म्हणजे आता कोणाला काही पाठवणार नाही?"

"मुडदे पाठवतात होय?"

फोन पुन्हा थरथरला. या वेळी थांबेचना. भांड्याला टेकून किणकिण वाजायला लागला. बाप ताडकन उठायला गेला, पण आजोबांनी त्याचं मनगट टेबलावर दाबून धरलं. त्या तीन बोटांत अजून क्रेनचा जोर होता. बाप खाली बसला.

नातीने आजोबांच्या पंजाकडे बघितलं. मग बापाकडे. मग तिने फोन सुलटा केला आणि ताटांच्या मधून सगळ्यांना दिसेल असा पुढे सरकवला. आवाज वकिलाचा होता.

"खोटं! तो जिवंत आहे, आजोबा. हे बघा, आत्ता मलाच लिहितोय."