उबेचा गाळा

नव्या बसस्थानकाच्या भिंती आपोआप वाढत रिकामी जागा गिळत होत्या. ते जिवंत सिमेंट फक्त माणसाच्या उबेपाशी थांबे. रुमाल टाकून जागा धरायचे दिवस गेले होते. जुने दुकानदार आता स्वतःच गाळे अडवून बसले होते. वडापाववाली शेवंताही बसली होती.

"वैनी, उठा. भाऊ गेला, गाळा आता माझा," म्हणत दीर भिवाने तिला केस धरून बाहेर फरफटत आणलं.

"हात सोड, मुडद्या!"

भिंत सरसरत पुढे आली. शेवंताने चटणीचा लोखंडी बत्ता त्याच्या कानशिलात घातला. तो गाळ्यात कोसळला आणि भिंत थबकली. शेजारी नुसते बघत राहिले. जागा सोडून उठणार कोण?

भिवा गार पडत गेला, तशी भिंत पुन्हा हलली. शेवंता लगबगीने त्याच्या छातीवर जाऊन बसली.