एक रिंग

"लावा कुणालाही," म्हणत दुकानदाराने फोन काउंटरवरून बाईंच्या पुढे सरकवला.

फोन कुणीतरी वापरून विकलेला होता. तरी अंगावर एक ओरखडा नव्हता, आणि बाईंना नेमका त्याचाच संशय येत होता. मागच्या खेपेला असाच देखणा फोन त्यांनी मोठ्या हौसेने घेतला होता. तो निघाला एकाच कंपनीला बांधलेला. दुसरं कुठलंही सिम घातलं की मख्खपणे नाही म्हणायचा. अजून कपाटात पडून आहे. या वेळी बाई ठरवूनच आल्या होत्या. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून, प्रत्यक्ष बोलून बघितल्याशिवाय पर्सची चेन उघडायची नाही. पस्तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट म्हणून काढलेल्या बाईला दोनदा गंडवणं सोपं नव्हतं.

दुकानदार पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळं गेली, फोन आले. डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक चिमटा मात्र तेच राहिले. घड्याळाचे काटे ठेवायच्या जुन्या डबीत आता चार कंपन्यांची चार सिमं असत, खास तपासणीसाठी. त्यातलंच एक त्याने आत घातलं होतं.

"तुमच्याच नंबरला लावते की," बाई म्हणाल्या.

"माझा नको. मी इथून हॅलो म्हटलं, तर आवाज फोनमधून आला की काउंटरपलीकडून, तुम्हाला काय कळणार? घरच्या कुणाला लावा. ओळखीचा आवाज नीट ऐकू आला, की समजा कुलूपबिलूप काही नाही."

"अहो, पण पाठ कुणाचा आहे? सगळे त्या फोनमध्ये होते." बाईंचा फोन परवा बसमध्ये राहिला होता. सगळे सगेसोयरे त्याच्याबरोबर पुढच्या स्टॉपला निघून गेले होते.

"एकही नाही?"

एक होता.

आईच्या घरचा. आधी पाच आकडी होता, मग पुढे एक आकडा लागला, मग आणखी एक. तो त्यांना आठवावा लागत नसे, बोटांनाच येत असे. कोपऱ्यातलं उंच स्टूल, त्यावर काळा फोन, फोनवर धाकट्या बहिणीने विणलेला वेडावाकडा रुमाल. लग्न होऊन बाई दुसऱ्या गावी गेल्या, धाकटी आईजवळ राहिली. बाई माहेराहून निघाल्या की आई दारातून एकच सांगायची, "पोचलीस की एक रिंग दे. आम्ही उचलत नाही." उगाच बिल कशाला वाढवा! घरी पोचल्यावर बाई चपला काढायच्या आधी एक रिंग द्यायच्या आणि ठेवायच्या. तिकडे धाकटी घर डोक्यावर घेऊन ओरडायची, "पोचली गं!" मगच आई जेवायला बसायची. किती सुखाचे होते ते दिवस. एका रिंगमध्ये तीन माणसं निश्चिंत व्हायची.

मग आईने अंथरूण धरलं. बाई रविवारी फळं घेऊन जायच्या आणि संध्याकाळी परतायच्या. एका रविवारी धाकटी चहाचा कप पुढे करत म्हणाली, "तू काय बाई, पाहुण्यासारखी येतेस." ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. चहा अर्धा टाकून बाई उठल्या. त्या दिवशी घरी पोचल्यावर त्या फोनजवळ उभ्या राहिल्या, पण रिंग दिली नाही. आई गेली तेव्हाही दोघी एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून बसल्या होत्या. त्या रविवाराला अकरा वर्षं झाली. मधे कितीदा तरी बाईंनी सहा आकडे फिरवले होते. सातव्यावर बोट अडायचं. धाकटीने फोन ओळखून आपटला तर? त्यापेक्षा न लावलेला बरा. निदान आशा तरी राहते.

"बाई, लावताय ना?"

आज निमित्त फोन तपासायचं होतं. नंबर दुकानाच्या सिमचा दिसणार होता. तिने उचललाच तर आवाज ऐकायचा, राँग नंबर म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. एवढं तर चालेल. बाईंनी गावाचा कोड लावून सातही आकडे दाबले.

रिंग गेली. एकच. दुसरी वाजायच्या आत अंगठ्याने आपणहून फोन कापला. अकरा वर्षांत सगळं सुटलं होतं, ही सवय सुटली नव्हती.

"हे काय? कापलात कशाला?" दुकानदाराने भिंग कपाळावर चढवलं. "रिंग गेली म्हणजे फोन मोकळा आहे, हे खरं. पण आवाजाचं काय?"

"राहू दे. एवढं पुरे," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि पर्सची चेन उघडली.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन थरथरला आणि वाजू लागला.

"आला बघा उलटा!" दुकानदार हसला. "हल्ली घरच्या फोनवरही नंबर दिसतो ना. या सिमवर रोज येतात असे फोन. उचलला की पहिला प्रश्न, कोण बोलतंय? कोण पाहिजे? चांगले खडसावतात. राँग नंबर म्हणा आणि ठेवून द्या."

बाईंनी फोन उचलून कानाला लावला. पलीकडून कुणी कोण म्हणून विचारलं नाही. आवाज आला, अगदी स्वच्छ, काउंटरपलीकडच्या दुकानदारालाही ऐकू जाईल इतका.

"पोचलीस, ताई? केवढा उशीर केलास गं."