शकुबाईची मुलाखत

"माह्या घरचं काऊन नाई विचारून राह्यल्या तुम्ही?" शकुबाईनं घरापुढच्या सपरीतूनच विचारलं.

मंजुषा अंगणात थबकली. सकाळपासून ती आणि सेलाम हत्तींबद्दलच्या मुलाखती घेत घरोघर फिरत होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं.

"घरच्या माणसाचं घेत नसते, माय. नियम आहे."

"हत्तीनं माणूस माह्या घरचा नेला. अन् मलेच नाई विचारत?"

सेलामला शब्द कळले नाहीत, रोख कळला. ती इथिओपियाची. जर्मनीत वनविज्ञानाच्या एमएस्सीला दोघी एकाच वर्गात होत्या. तिथे निम्मे तास इंग्रजीत, निम्मे जर्मनमध्ये. दोन्ही भाषा पेलल्या तरच पदवी. प्रबंधासाठी सेलामनं कुरखेड्याकडचे हत्ती निवडले, ते मंजुषाच्या भरवशावर. छत्तीसगडातून आलेला कळप काही वर्षांपासून इकडचं धान तुडवत होता. सेलामनं इंग्रजीत विचारायचं, मंजुषानं ते गावच्या बोलीत सांगायचं, आलेलं उत्तर उलट न्यायचं आणि शेवटी सगळं जर्मनमध्ये उतरवायचं. आठवडाभरात मंजुषाचा जबडा दुखायला लागला होता.

"ऐकून तर घेऊ," सेलाम म्हणाली. "प्रबंधात नाही धरायचं. पण त्यांना सांगायचंय."

तिघी सपरीत बसल्या. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी लटारूचा, मंजुषाच्या बाबांचा, फोटो होता. शकुबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि परक्या माणसासमोर बसावं तशी मुलीसमोर बसली.

शेताच्या बांध्या किती, धान किती गेलं, हत्ती पहिल्यांदा कधी दिसले, सगळं तिनं नीट सांगितलं. मंजुषा ते पुढे देत राहिली. तिला त्यासाठी विचार करावा लागत नव्हता आता. शब्द येत होते, जात होते.

"तुमचे पती कुठे होते तेव्हा?" सेलामनं विचारलं.

मंजुषानं विचारलं.

"तलावाच्या पाळीवर."

मंजुषानं ते पुढे दिलंच नाही.

"माय, तू तर पुंजण्याजवळ सांगतलं होतं. धान राखाले गेले होते म्हणे."

"तवा तू तिकडं एकटी होती," शकुबाई म्हणाली.

गावात फोनला रेंज मिळायची ती फक्त तलावाच्या त्या उंच पाळीवर. त्या दिवशी मंजुषाच्या जर्मनच्या परीक्षेचा निकाल होता. नापास झाली असती तर जागा गेली असती. तिचा फोन लागला तेव्हा इकडे दिवस मावळत होता. "पास झाली, बाबा," ती म्हणाली होती. "ऐकू नाई येऊन राह्यलं. थांब, जरा पुढं जातो," एवढं लटारू बोलला आणि फोन तुटला. रेंज गेली असेल, असं तिला वाटलं. बाबा तिथून शेतात रचलेल्या धानाच्या पुंजण्याकडे गेले असतील, तिथे हत्तीनं गाठलं असेल. हिवाळाभर ती तेच धरून चालली होती. मातीलाही तिला येता आलं नव्हतं.

"काय म्हणाल्या?" सेलामनं विचारलं.

मंजुषा आधी जर्मनमध्ये बोलली. चुकलं हे लक्षात आल्यावर इंग्रजीत म्हणाली, "तलावाच्या पाळीवर."

सेलामनं लिहून घेतलं. "तिथे कशासाठी गेले होते?"

हा प्रश्न मंजुषानं जमिनीकडे बघत विचारला.

"ढोरं पाहाले."

गोठा कधीचाच रिकामा होता. बैल गेले त्याच वर्षी मंजुषा जर्मनीला गेली होती. तिनं मान वर केली. आई तिच्याकडेच बघत होती.

"गुरं बघायला," तिनं इंग्रजीत सांगितलं.

सेलामनं तेही लिहिलं. मग शेवटचा प्रश्न, प्रत्येक घरी विचारायचा: तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय? लोक बहुधा विचारत, हत्ती परत कधी जातील. शकुबाईनं सेलामकडे नीट पाहिलं.

"हिची माय आहे का?"

"आहे."

"तिच्या गावात रेंज आहे का?"

मंजुषानं विचारलं. सेलाम त्या दिवशी पहिल्यांदाच हसली.

"कुठली! आई चर्चमागच्या टेकडीवर चढते फोन घेऊन. माझा फोन येईपर्यंत बसून राहते तिथे. कितीदा सांगितलं, ऐकत नाही."

मंजुषानं ते आईला सांगितलं, जसंच्या तसं. शकुबाई ऐकत राहिली. बाहेर कुणाची तरी कोंबडी अंगणात शिरली होती, तिला हाकलायलाही ती उठली नाही.

"तिले सांग, मंजू," ती म्हणाली. "सांजचा फोन नको करत जाऊ म्हणा मायले. दिवसाउजेडी कर."

सेलाम पेन धरून वाट पाहत होती.

"काय म्हणतात?"

"म्हणतात..." मंजुषानं आईकडे पाहिलं. "आईला संध्याकाळी फोन करू नकोस. उजेड असताना कर."

"अगं, पण दिवसा तास असतात ना आपले," सेलाम म्हणाली. "ते संपेपर्यंत तिकडे अंधार पडतो."

"तास बुडव," मंजुषा म्हणाली.