नेहमीचं दार

विमानतळावर कुठली पाटी कुठे लावायची, हे ठरवणं हेच त्याचं परदेशातलं काम. त्याच्या टर्मिनलमध्ये नवखा माणूससुद्धा चुकत नाही, अशी त्याची ख्याती. पंधरा वर्षं सुट्टीपुरताच घरी येणारा तो आज कायमचा परतला. सामानाची ट्रॉली ढकलत बाहेर आला, तर आईबाबांचा पत्ताच नाही. ताटकळून ताटकळून शेवटी त्याने फोन लावला.

“आई, आहात कुठे?”

“दारातच आहोत की रे. बाबा कधीचे टाचा उंचावून बघतायत.”

“कुठल्या दारात?”

“नेहमीच्याच. वरच्या मजल्यावर.”

त्याचं डोकंच सटकलं. “अगं, वरून माणसं जातात! येणारी खालून बाहेर पडतात. हातभर अक्षरांत लिहिलंय सगळीकडे. इतक्या वर्षांत इतक्या वेळा आलात इथे, अजून एवढंही कळत नाही?”



“दर वेळी सोडायलाच आलो रे. आणायला येतो म्हटलं, की तूच म्हणायचास, ‘कशाला? टॅक्सी करतो.’”