उंबऱ्याआतला धडा

"हे वाक्य मी तुला शिकवलेलं नाय," दगडूकाका म्हणाले. "परत बोल."

आनंदाने परत म्हटलं, "एल निन्यो प्रेगुंता पोर ती." काल सांगितलं होतं तसं, शब्द न तोडता, एका दमात.

ओटीवर जाळं विणत बसलेल्या काकांचे हात थांबले.

दगडूकाका तरुणपणी खलाशी म्हणून जहाजावर गेले होते. मनिलाला आठ वर्षं राहिले आणि एक दिवस एकटेच माजिवड्याला परत आले. त्यालाही आता वीस वर्षं झाली होती. त्यांनी लग्न केलं नाही, मनिलाचं नावही कधी काढलं नाही. पण तिथे स्पेनच्या राजाचा अंमल होता, त्यामुळे स्पॅनिश त्यांना येत होती आणि आनंदाला तीच हवी होती. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मनिलाजवळ मिठागर घेतलं होतं. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं हे जाणणारा माणूस म्हणून त्याने आनंदाला निवडलं होतं. करार तीन वर्षांचा होता. बायको गोदा आणि पाच महिन्यांचा मुलगा इथेच राहणार होते. जहाज सुटायला आठ दिवस उरले होते.

दोन महिने आनंदा रोज दुपारी या ओटीवर येत होता. पस्तिशीच्या माणसाची जीभ लवकर वळत नाही. शब्द पाठ होत, पण काका सलग बोलायला लागले की एकेक शब्द सुटा करून मनात मराठीत फिरवावा लागे. तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असे.

"कोनी शिकवलं?" काकांनी विचारलं.

"घरातल्या बाईंनी. काल तुम्ही नव्हता. मी हाक मारली तर त्या उंबऱ्याच्या आत येऊन बसल्या. मला वाटलं, कोनी पाहुनी असेल. मराठी नाय येत त्यांना."

"काल मी कल्याणला होतो, भाचीच्या लग्नाला. दाराला कुलूप घालून गेलेलो."

"दार उघडं होतं, काका."

आनंदाला बाई नीट आठवत होती. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि ती त्याच्या पलीकडे सावलीत बसली होती. अंगात पातळ पांढऱ्या कापडाचा, फुगीर बाह्यांचा झगा होता. मांडीवर मूल होतं. तासभर ते रडलं नाही की हललं नाही. तिने ते एकच वाक्य त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. तो चुकला की ती चिडत नव्हती, फक्त पहिल्यापासून सुरू करायची. अर्थ विचारला तेव्हा तिने ओटीवरच्या रिकाम्या पाटाकडे बोट केलं होतं. रोज काका ज्या पाटावर बसत, तो पाट. हे सगळं आनंदाने सांगितलं.

"तिचं नाव रोसा," काका म्हणाले. "मनिलाला माझं घर होतं, ती आणि आमचं तान्हं पोर. मी दर्यावर असताना गावात पटकीची साथ आली. बंदरात उतरलो तर लोक म्हणाले, दोघं पडलीत, पानी पाजायला कोनी नाय, लवकर जा. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. आत शिरायचा धीर झाला नाय. तिथूनच मागं फिरलो आणि मिळालं त्या जहाजावर चढलो."

"मग त्यांचं काय झालं?"

"मी कधी विचारलंच नाय."

"आणि ते वाक्य?"

"पोर तुझ्याबद्दल विचारतंय, असा अर्थ हाय त्याचा."

काकांनी जाळं बाजूला ठेवलं. ओटीच्या कडेला ठेवलेल्या घागरीतलं पाणी पायांवर घेतलं, कामावरून घरी परतलेला माणूस घेतो तसं. मग ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि आत तोंड करून हलक्या आवाजात स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलले. आनंदाला त्यातला एक शब्दही कळला नाही. आतून उत्तर आलं. आवाज कालचाच होता.

काका आत गेले. दार हळूच लागलं आणि आतून कडी पडली.

आनंदाने हाका मारल्या, दार ठोकलं. शेवटी गावातल्या चौघांना आणून दार फोडलं. घराला ते एकच दार होतं, खिडक्यांना गज होते. आत कोणी नव्हतं.

आनंदा त्या जहाजावर चढला नाही. व्यापाऱ्याने दुसरा माणूस पाठवला आणि आनंदाचा मुलगा बापाच्या देखत मोठा झाला. दोन महिने शिकलेली भाषा आनंदा हळूहळू विसरला. आतून आलेलं ते उत्तर मात्र त्याला मरेपर्यंत तोंडपाठ होतं. त्यातला एकही शब्द त्याला मराठीत फिरवावा लागला नव्हता. गोदाचं बोलणं कळावं तसं ते सरळ कळलं होतं.

"उशीर केलास," रोसा म्हणाली होती. "ये आत. पोर अजून जागंच आहे."